खर्जाची तार आणि सेकंदाला ४४,१०० मोजमापे

ध्वनिमुद्रणाचे कोणतेही साधन पारखायचे असेल, तर मी त्यावर तंबोरा ऐकतो. वाद्य दिसायला साधे, चारच तारा आणि त्याही एकामागून एक सावकाश छेडलेल्या. पण त्याच्या आवाजात खर्जाची खोल गाज असते, जवारीतून, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या खास घडणीतून, निघणारी अतिशय बारीक झळाळी असते आणि छेडलेला स्वर पुष्कळ वेळ विरत जाण्याची क्रियाही असते. खालचा स्वर, वरचा स्वर आणि शांततेकडे जाणारा स्वर या तिन्ही ठिकाणी ध्वनिमुद्रण चुकू शकते, आणि तंबोरा ही तिन्ही ठिकाणे एकदमच तपासतो. म्हणून ध्वनी म्हणजे काय, ॲनालॉग आणि डिजिटल यांत नेमका फरक कोणता आणि ‘डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे गळून जातात’ हा सर्रास ऐकू येणारा आक्षेप कितपत खरा, हे तंबोऱ्याच्याच आधाराने पाहू.

तार हलते, तिचे हलणे घोडीतून तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या पातळ लाकडी फळीला, मिळते आणि तबली समोरच्या हवेला ढकलते आणि ओढते. ढकलल्यावर हवेचे कण क्षणभर दाटीवाटीने येतात, ओढल्यावर विरळ होतात; शाळेच्या पुस्तकात यालाच संपीडन आणि विरलन म्हटलेले असते. ही दाटी पुढच्या थराला, तो थर त्याच्या पुढच्या थराला देत जातो. हवा स्वतः वाद्यापासून श्रोत्यापर्यंत प्रवास करत नाही, प्रवास करतो तो दाबातला बदल, आणि २० अंश सेल्सियस तापमानाच्या हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. सभागृहात ३४ मीटर मागे बसलेल्या श्रोत्याला समेची थाप सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येते ती यामुळेच.

हा बदल किती सूक्ष्म असतो याची सहसा कल्पना नसते. हवेचा स्वतःचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो आणि एक मीटरवरून नेहमीच्या आवाजात बोलणाऱ्या माणसामुळे त्यात साधारण ०.०२ पास्कलचा चढउतार होतो, म्हणजे पन्नास लाखांत एक भाग. कान त्याच्याही हजारपट क्षीण, ०.००००२ पास्कलचा बदल जेमतेम टिपू शकतो. इतक्या अफाट पल्ल्याचे आकडे हाताळणे गैरसोयीचे असल्याने डेसिबल ही मोजणी वापरतात. तिच्यात दाबातला बदल दहापट झाला की आकडा २० ने वाढतो. ऐकू येण्याची सीमा शून्य धरली, तर ते बोलणे ६० डेसिबलवर येते.

दाब सेकंदाला किती वेळा वरखाली होतो, त्यावर स्वराची उंची ठरते. काळी एकच्या पट्टीत, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, लावलेल्या तंबोऱ्यावर जोडीच्या (मधल्या दोन) तारा सेकंदाला सुमारे १३८.६ वेळा, म्हणजे १३८.६ हर्ट्झने कंप पावतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्या, ६९.३ हर्ट्झने. हवेत खर्जाची एक लहर जवळजवळ पाच मीटर लांब असते. निरोगी तरुण कानाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात. वय वाढते तशी वरची सीमा खाली येते, आणि पन्नाशीनंतर महागडा ध्वनिसंच घेणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

मात्र खर्जाची तार केवळ ६९.३ हर्ट्झवर थांबत नाही. तीच तार त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत, पाच भागांत अशीही कंप पावत असते, आणि त्यामुळे १३८.६, २०७.९, २७७.२, ३४६.५ असे पटीतले उपस्वर मूळ स्वराबरोबरच निघतात. मूळ स्वर पहिला धरला, तर यातला पाचवा म्हणजे गंधार. कोणतीही तार गंधारात लावलेली नसताना उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो आणि ज्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात, तो हाच. घोडीची रुंद, किंचित बाकदार पाठ आणि तारेखाली सरकवलेला ‘जीव’, म्हणजे दोऱ्याचा तुकडा, यांमुळे तार कंप पावताना घोडीला पुन्हा पुन्हा हलकेच स्पर्श करते आणि वरचे उपस्वर सतत जागे राहतात. साध्या तारेच्या नियमानुसार जे उपस्वर निघायलाच नकोत, तेही अशा घोडीमुळे निघतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांचा अभ्यास करून दाखवले होते. मिरजेचा कारागीर जवारी काढताना कानस आणि कान यांच्या बळावर जे साधतो, त्यामागचे भौतिकशास्त्र हे असे आहे.

आता या साऱ्या विषयाची किल्ली म्हणता येईल अशी एक गोष्ट. तंबोरा, गायक, तबला, पेटी आणि मागे कोणाचा तरी खोकला असे सगळे एकाच वेळी चालू असले, तरी कानाच्या पडद्यापाशी एका क्षणी हवेचा दाब एकच असतो. तो क्षणाक्षणाला कसा बदलला याची रेषा कागदावर काढली, तर ती कितीही वेडीवाकडी दिसली तरी असते एकच, आणि सगळी मैफल तिच्यातच सामावलेली असते. तीतून तबला वेगळा आणि तंबोरा वेगळा काढण्याचे काम कान आणि मेंदू करतात. ध्वनिमुद्रणाला एवढेच करायचे असते की ही रेषा जपून ठेवायची. डाव्या-उजव्याचा भास हवा असेल, तर दोन रेषा. ती कशी जपायची याची दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर असे की रेषेची हुबेहूब आकृती दुसऱ्या एखाद्या पदार्थात उमटवायची. एडिसन यांनी १८७७ मध्ये कथलाच्या पातळ पत्र्यावर सुईने खाच पाडली, बर्लिनर यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीचा मार्ग शोधला, आणि १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हाही तत्त्व हेच होते. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. कलावंताने कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचे, त्या दाबाने पडदा हलायचा, पडद्याबरोबर सुई हलायची आणि सुईबरोबर खाच नागमोडी व्हायची. विजेवर चालणारे मुद्रण १९२५ च्या सुमारास आले, तोवर तंबोऱ्यासारखे हळवे वाद्य तबकडीवर नीट उतरणे कठीणच होते. पुढे चुंबकीय फीत आली. तिच्यावर खाचेऐवजी चुंबकत्वाचे कमीजास्त प्रमाण त्याच रेषेची नक्कल करते. ॲनालॉग या शब्दाचा अर्थ ‘जुने’ असा नसून ‘सदृश’ असा आहे: दाब वाढला तेवढी खाच वळली, दाब वाढला तेवढे चुंबकत्व वाढले.

या पद्धतीचे सौंदर्य तिच्या साधेपणात आहे. लाखेच्या जुन्या तबकडीवर टाचणी धरली आणि तबकडी हाताने फिरवली, तरी क्षीण का होईना, गाणे ऐकू येते. मध्ये कसलेही यंत्र, कसलीही सांकेतिक भाषा नसते. अडचणही तिथेच आहे. आकृती ज्या पदार्थात उमटवली, त्या पदार्थाचा स्वभाव तिच्यात मिसळतो आणि नंतर वेगळा काढता येत नाही. लाखेतले कण खरखरतात, फितीवरचे चुंबकीय कण सळसळतात, खाचेत बसलेली धूळ टकटक करते. सुईला यातले गाणे कोणते आणि धूळ कोणती हे कळण्याचा मार्गच नसतो. तंबोऱ्याचा विरत जाणारा स्वर या सळसळीच्या पातळीला आला की तिच्यात बुडतो.

दुसरी अडचण वेगाची. ॲनालॉगमध्ये काळाचीही नक्कल असते आणि ती मोटारीच्या किंवा चावीच्या भरवशावर चालते. लाखेच्या सगळ्या तबकड्यांना आपण मिनिटाला ‘७८ फेऱ्यांच्या’ म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात मुद्रणाचा वेग तबकडीगणिक वेगळा असे. वेग सहा टक्क्यांनी जास्त झाला की स्वर बरोबर अर्ध्या पायरीने चढतो, म्हणजे काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गातो आहे असे वाटते आणि तानही तेवढीच जलद होते. एखाद्या जुन्या गायकाची पट्टी कोणती होती यावरचे कित्येक वाद वेगाचा हिशेब न केल्यामुळे निरर्थक ठरतात. तिसरी अडचण प्रतींची, आणि ती कॅसेटच्या पिढीने पुरेपूर अनुभवली आहे. खासगी मैफलींच्या कॅसेट एका रसिकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे उतरत जात. प्रत्येक उतरवणीत नव्या फितीची सळसळ जुनीत मिसळे. मुळाइतकीच नवी सळसळ आली की गोंगाट ३ डेसिबलने वाढतो, आणि वरचे स्वर दर वेळी थोडे बोथट होतात ते वेगळेच. माझ्याकडची एक मैफल अशी चौथ्या-पाचव्या हाताने आलेली आहे. तिच्यात तंबोरा आहे हे मला कानापेक्षा तर्काने अधिक कळते.

दुसरे उत्तर संपूर्ण वेगळ्या जातीचे आहे. रेषेची आकृती जपायचीच नाही. ठरावीक अंतराने तिची उंची मोजायची आणि आकडे लिहून ठेवायचे. सीडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. हे ऐकताच मनात शंका येते की दोन मोजमापांच्या मध्ये रेषेने काय केले ते तर हरवलेच. डिजिटलविरुद्धचा सगळा राग या शंकेवर उभा आहे आणि ती वरवर पाहता रास्तही आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू.

रुग्णालयात दर चार तासांनी ताप मोजून तक्ता भरतात. मधल्या वेळात ताप चढून उतरला असेल तर तक्त्यात तो दिसणार नाही, हे खरे. पण समजा, या रुग्णाचा ताप अमुक एका वेगाहून झपाट्याने चढूउतरूच शकत नाही, अशी आपल्याला पक्की खात्री आहे. मग मधल्या वेळेबद्दल अंदाज बांधावा लागत नाही. लिहिलेल्या बिंदूंमधून जाणारी आणि ती मर्यादा पाळणारी रेषा एकच निघते. ध्वनीच्या बाबतीत हे गणिताने सिद्ध झालेले आहे. हॅरी नायक्विस्ट यांचे १९२८ मधले आणि क्लॉड शॅनन यांचे १९४९ मधले काम यासाठी नेहमी उल्लेखले जाते. रशियात कोतेल्निकोव यांनी १९३३ मध्ये हेच स्वतंत्रपणे मांडले होते. सिद्धान्त असा की, ध्वनीतला सर्वांत उंच स्वर जेवढ्या हर्ट्झचा असेल त्याच्या दुपटीहून अधिक वेळा सेकंदाला मोजणी केली, तर मूळ रेषा जशीच्या तशी परत मिळवता येते. ‘जवळपास तशी’ नव्हे, तर जशीच्या तशी. माणसाच्या कानाची सीमा २०,००० हर्ट्झ, तिची दुप्पट ४०,०००, आणि वर थोडी मोकळीक.

मोकळीक धरून आकडा नेमका ४४,१०० इतकाच का, याचे उत्तर मात्र कानात नाही, व्हिडिओच्या फितीत आहे. सीडीची तयारी चालू असताना एवढे आकडे साठवण्याची क्षमता असलेले सोयीचे साधन म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर होते. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन मोजमापे, एका क्षेत्रात (चित्राच्या एकाआड एक ओळींच्या अर्ध्या भागात) वापरता येण्याजोग्या २४५ ओळी आणि सेकंदाला ६० क्षेत्रे, म्हणजे ३ × २४५ × ६० = ४४,१००. युरोपातल्या पद्धतीत २९४ ओळी आणि ५० क्षेत्रे असूनही गुणाकार तोच येतो. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीने हा आकडा उचलला आणि व्हिडिओ फीत इतिहासजमा झाल्यावरही तो राहिला.

सिद्धान्ताची अट मात्र कसोशीने पाळावी लागते. मोजणीआधी मर्यादेवरचे सगळे स्वर गाळून टाकावे लागतात, नाहीतर ते वेष पालटून परत येतात. चित्रपटात धावत्या टांग्याचे चाक कधीकधी उलटे फिरताना दिसते, कारण कॅमेरा सेकंदाला २४ चित्रेच घेतो आणि दोन चित्रांच्या मध्ये आरा जवळजवळ पुढच्या आऱ्याच्या जागी पोचलेला असतो. तसेच सेकंदाला ८,००० मोजणीत ५,००० हर्ट्झचा स्वर गाळल्याविना शिरला, तर तो ३,००० हर्ट्झचा होऊन ऐकू येतो, आणि मूळ सुराशी कसलेही नाते नसल्यामुळे तो कमालीचा बेसूर वाटतो. सुरुवातीच्या डिजिटल यंत्रांना ‘कर्कश’ म्हणत, त्याला गाळणीतल्या त्रुटी बऱ्याच अंशी जबाबदार होत्या. तक्रार खरी होती. कारण मात्र वेगळे होते.

डिजिटल ध्वनीचे चित्र काढताना पायऱ्यापायऱ्यांची रेषा दाखवतात, आणि या एका चित्राने जेवढा गैरसमज पसरवला तेवढा क्वचितच कशाने पसरवला असेल. फाइलमध्ये पायऱ्या नसतात, सुटे बिंदू असतात. आणि ऐकताना आकड्यांचे पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर झाले की शेवटच्या गाळणीतून गुळगुळीत, सलग रेषाच बाहेर येते. तबल्याची थाप दोन मोजमापांच्या मधोमध पडली तरी तिची वेळ हरवत नाही, कारण आजूबाजूच्या बिंदूंची उंची तिच्यानुसार बदललेली असते.

खरी काटछाट होते ती दुसऱ्या ठिकाणी. मोजलेली उंची आकड्यात लिहिताना ती कुठेतरी पूर्णांकात बसवावी लागते, जसे दुकानदार बिल पूर्ण रुपयात करतो आणि पन्नास पैशांपर्यंतचा फरक सोडून देतो. १६ बिटच्या, म्हणजे शून्य किंवा एक अशा सोळा खुणांच्या, मोजणीत उंचीच्या ६५,५३६ पातळ्या मिळतात. प्रत्येक वाढीव बिट आवाक्यात, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत क्षीण आवाजातल्या अंतरात, सुमारे ६ डेसिबलची भर घालतो, म्हणून सीडीचा आवाका साधारण ९६ डेसिबल. चांगल्या तबकडीचा किंवा साध्या कॅसेटचा आवाका याहून बराच कमी भरतो. तरीही पूर्णांकात बसवण्याचा एक दोष असा की, स्वर विरत विरत शेवटच्या एकदोन पातळ्यांवर आला की चूक स्वरालाच चिकटून चालते आणि तंबोऱ्याची शेपटी खरबरीत होते. यावरचा उपाय चमत्कारिक आहे: मोजण्याआधी मुद्दाम अत्यंत क्षीण, अनियमित गोंगाट मिसळायचा. त्यामुळे चूक स्वरापासून सुटते, एकसारखी मंद सळसळ बनते, आणि स्वर तिच्या खालीही ऐकू येत विरत जातो. मुद्रण करताना २४ बिट वापरतात, ते आवाज किती मोठा येईल याचा अंदाज चुकला तरी निभावावे म्हणून. घरी ऐकण्यासाठी १६ पुरतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग डिजिटलचा लाभ नेमका कशात? माझ्या मते तो बारकाईत कमी आणि टिकण्यात जास्त आहे. आकडा वाचताना यंत्राला फक्त शून्य आहे की एक एवढेच ठरवायचे असते. खूण थोडी पुसट असली तरी उत्तर बदलत नाही, आणि म्हणून हजारावी प्रतही पहिलीसारखीच असते. शिवाय आकड्यांवर हिशेब करता येतो. किराणा बिलात एक रक्कम पुसली गेली, पण बेरीज शाबूत असेल, तर पुसलेली रक्कम काढता येते. रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० मध्ये मांडलेले गणित अशा बेरजांचेच प्रगत रूप आहे आणि सीडीवर ते वापरलेले आहे. त्यात शेजारशेजारचे आकडे मुद्दाम दूरदूर लिहिलेले असतात, त्यामुळे २.५ मिलिमीटरच्या आसपासचा सलग ओरखडाही पूर्णपणे भरून निघतो. त्यापलीकडे गेले की मात्र गाणे हळूहळू बिघडत नाही, एकाएकी अडखळते किंवा बंदच पडते. ॲनालॉग म्हाताऱ्या माणसासारखे थकत जाते. डिजिटल शेवटपर्यंत ठणठणीत राहते आणि एक दिवस उठतच नाही. ज्यांनी जुन्या ध्वनिमुद्रणांची सीडी केली आणि कॅसेट फेकून दिल्या, त्यांतल्या अनेकांना हे फार उशिरा उमगले.

डिजिटलला दिल्या जाणाऱ्या शिव्यांपैकी निम्म्या खरे तर एमपी३ च्या वाट्याच्या आहेत. सीडीवर सेकंदाला १४,११,२०० बिट खर्ची पडतात, म्हणजे मिनिटाला साडेदहा मेगाबाइट. नव्वदीच्या दशकात एवढे आकडे टेलिफोनच्या तारेतून पाठवणे अशक्यप्राय होते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी जे तंत्र घडवले, ते कानाच्या एका स्वभावावर उभे आहे: मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही, मग तो लिहायचा कशाला? सेकंदाला १,२८,००० बिटची फाइल सीडीच्या अकराव्या भागाएवढी होते, पण तिच्यात १६,००० हर्ट्झच्या वरचे बरेचसे कापले जाते आणि जवारीची झळाळी कधीकधी पाण्याखालून आल्यासारखी डचमळते. इथे खरोखर काहीतरी गळते आणि ते परत येत नाही. जास्त बिट दिले तर हा फरक ओळखणे बहुतेकांना अवघड जाते.

तबकडीचा आवाज ‘उबदार’ लागतो म्हणणाऱ्यांना मी खोटे ठरवणार नाही. सुई आणि खाच मिळून मूळ आवाजात थोडे उपस्वर स्वतःचे घालतात, कडेकडेचे उंच स्वर जरा नरम करतात, आणि तबकडीसाठी केलेले अंतिम संस्करणही सीडीहून वेगळे असते. ते आवडणे ही रुचीची बाब आहे. मात्र आज नव्याने निघणाऱ्या बऱ्याच तबकड्या डिजिटल मूळप्रतीवरूनच कापलेल्या असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ऊब डिजिटल टाळल्यामुळे येते असे म्हणता येत नाही.

घरात जुन्या कॅसेट असतील, तर त्या आताच फाइलमध्ये उतरवाव्यात. आधी यंत्राचे हेड स्वच्छ करावे, मुद्रण २४ बिट आणि ४८,००० किंवा ९६,००० मोजमापांवर करावे, मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅक या काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात दोन-तीन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि एमपी३ करायचीच असेल तर ती त्यावरून नंतर करावी. वेग बरोबर आहे की नाही हे ठरवण्यासाठी फितीतल्याच एका दोषाचा उपयोग होतो. जुन्या मुद्रणात बहुधा विजेची घूं अशी मंद गाज असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ती गाज ५० किंवा तिच्या दुपटीवर, १०० हर्ट्झवर असायला हवी. संगणकावर मोजून ती ५३ निघाली, तर फीत साधारण सहा टक्के जास्त वेगाने धावते आहे असे धरावे. त्या काळी विजेची वारंवारताही थोडी हलत असे, म्हणून दुसरा साक्षीदार घ्यावा, तो मैफलीतल्या पेटीचा. तिच्या पट्ट्या मैफलीपुरत्या कोणी बदलत नाही. गाज आणि पेटी या दोघींचे एकमत झाले की वेग तेवढा उतरवावा आणि मग तंबोऱ्याचा षड्ज ऐकावा.